प्रामटरभाऊंची गाळलेली जागा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील तमाम रसिक मायबाप, माताभगिनी, लहानथोर, तसेच प्रचारसभेला केवळ मांडवाच्या सावलीसाठी येणारे मान्यवर यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या भागातला सगळ्यात मोठा वक्ता गेल्या पोळ्याच्या आठवड्यात वारला. त्याच्या शब्दांवर माणसे रडली, हसली, खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारू लागली. आणि त्याने आयुष्यात एकही भाषण केले नव्हते. तो प्रॉम्प्टर होता. आमच्या तोंडी प्रामटर. आम्ही सगळे त्याला प्रामटरभाऊ म्हणत असू. खरे नाव रेशनकार्डावर होते आणि तिथेच राहिले.

झाडीपट्टीतल्या नाटकाबद्दल परक्याला सांगावे लागते, तुम्हाला काय सांगू! दिवाळीपासून होळीपर्यंत आज या गावी बैलांच्या शर्यतीचा शंकरपट म्हणून, उद्या त्या गावी मंडईची जत्रा म्हणून नाटक. नट तालमीला येतात म्हणजे चहाला येतात. वाक्ये पुरवतो तो विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर. मी त्याच कंपनीत अठरा वर्षे खलनायक होतो. दिवसा पंचायत समितीत कारकून, त्यामुळे भूमिकेसाठी वेगळा अभ्यास करावा लागला नाही. प्रामटरभाऊ मला ‘व्हिलनसाहेब’ म्हणत.

भाऊंचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. पण ती कुजबुज बाणासारखी ज्याच्या कानात जायची त्याच्याच कानात जायची, शेजारच्याला पत्ता नाही. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना मोठ्याने बोलताच येत नसे. घरी म्हशीलासुद्धा ते कुजबुजून बोलवत, आणि म्हैस येत असे. दुसरी सवय त्याहून वाईट. समोरचा बोलताना अडखळला की भाऊ त्याचे वाक्य पुरवत. एका लग्नात उखाणा घेताना नवरी अडली, तर मागून कुजबुज आली आणि तिने ती जशीच्या तशी म्हटली. नंतर कळले की भाऊंनी चुकून मागच्या लग्नातल्या नवऱ्याचे नाव पुरवले होते. सासू वर्षभर बोलली नाही. नवरीशी नव्हे, भाऊंशी.

पण पुस्तकाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो लोखंडी होता. “प्रामटरनं सोताचा शब्द घालू नये व्हिलनसाहेब. घातला का नाटक बुडालं.” एकदा माझ्या तोंडी ‘दुष्टा’ऐवजी ‘मूर्खा’ शोभेल असे मी सुचवले, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांची म्हैसच चोरली आहे.

आता आमचे हिरो. कंपनीचा नायक. उंच, भरदार, आवाज असा की नदीपलीकडची कुत्री भुंकत. वीस वर्षांत त्यांनी एकही वाक्य पाठ केले नाही. भाऊ पुरवत, हिरो गर्जत. ही गाडी इतकी घासून गुळगुळीत झाली होती की शब्द भाऊंच्या ओठांतून निघायचा आणि हिरोच्या डोक्याला न शिवता तोंडातून बाहेर पडायचा. अधूनमधून हिरो ओठ न हलवता फक्त एवढेच म्हणत, “भाऊ, जोरानं.”

असा आवाज राजकारण सोडून देते काय? एका पक्षाने हिरोंना प्रचारक केले. कोणता पक्ष हे विचारू नका, मला सांगायला हरकत नाही, पण हिरोंनाही नक्की आठवत नसे. मांडवात फुले लावलेल्या टेबलाला खालपर्यंत कापड सोडायचे, त्या कापडामागे पाट टाकून प्रामटरभाऊ, पुढे माईकसमोर हिरो. आणि सूत्रसंचालनाला, तुमचा शब्दप्रभू म्हणून, मी. त्याची मला आजही लाज वाटते. तेव्हा मात्र नवे जाकीट शिवले होते.

भाषण शहरातून टाइप होऊन येई. पहिल्याच दिवशी भाऊंनी कागद माझ्यापुढे धरला. पाणी, रस्ता, धानाचा भाव असे दोन परिच्छेद, आणि मग: ‘बंधूंनो, या बाहेरून आलेल्या ______ लोकांनी तुमच्या लेकरांच्या तोंडचा घास हिसकावला आहे.’ शेजारी कंसात सूचना, ‘येथे स्थानिक परिस्थितीप्रमाणे लोकांचे नाव घालावे.’

खोटे नाही सांगत. जिवतीकडे गेलो की त्या जागी मराठवाड्यातून येऊन डोंगरात ज्वारी पेरणारे. सिरोंच्याकडे गेलो की तेलुगू बोलणारे. आमच्या पट्ट्यात बंगाली, ज्यांच्या बापजाद्यांना सरकारनेच आणून इथे वसवले, ज्यांच्या वस्तीला अजून ‘कॅम्प’ म्हणतात. एटापल्लीच्या वाटेवर चहाला थांबलो, तर शहरातून आलेला एक कार्यकर्ता माडिया आदिवासी बाया पाहून म्हणाला, “हे जंगली लोक मत कसे देतात हो?” ज्यांच्या जंगलात तो उभा होता, त्यांना! भाऊ चहाचा पेला खाली ठेवून माझ्या कानात म्हणाले, “आपल्या नाटकात गावाचं नाव बदलवतो, का गावाले बरं वाटावं. ह्यायच्या नाटकात वैऱ्याचं नाव बदलवतेत. बाकी पुस्तक एकच होय.”

आणि लोक! अहो, माझा खरा संताप त्या कागदावर नाही, लोकांवर आहे. मी माईकवर उभा, मला एकेक चेहरा ओळखू येतो. हा शाळेचा शिपाई. हा दूध घालणारा. हे भजनी मंडळातले दोघे. सज्जन माणसे, कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली लाकडे यांची. आणि ती गाळलेली जागा भरली रे भरली, की यांच्या माना ताठ, डोळे लाल. “हाकला! हाकला!” कोणी बंगाल्यांच्या बोलण्याची नक्कल करतो, कोणी त्यांच्या बायांच्या शंखाच्या बांगड्यांवर काहीतरी घाण बोलतो आणि हशा पिकतो. एक ढिवर म्हातारा, ज्याच्या सात पिढ्या तलावात मासे धरण्यात गेल्या, तो ओरडला, “हे लोकं रोज मासोळी खातेत!” मी माईकवर हात ठेवून म्हणालो, “आजा, तुम्ही काय खाता?” म्हणाला, “आमची गोष्ट अलग आहे.”

एका गावी सभा संपली आणि वीसेक माणसे तशीच तापलेली बाजारात शिरली. एका बंगाली बाईची मासळीची पाटी लाथेने उडवली. ती बाई ओरडली नाही. खाली बसून धुळीतले झिंगे एकेक वेचत राहिली. आमची गाडी तिथेच अडकली होती. भाऊंनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. गावी उतरताना म्हणाले, “मी सांगतलं, हिरोनं म्हटलं, त्यायनं केलं. मंग सुरुवात कोनं केली व्हिलनसाहेब?”

मी म्हटले, “भाऊ, सोडून द्या हे काम.”

“मी सोडीन तं दुसरा बसन पाटावर. तो तं पुरं वाक्य सांगन.”

तेव्हा मला कळले की गेले काही दिवस हिरोंचे भाषण आखूड का होत होते. लोखंडी नियम पाळून भाऊ शब्द घालत नव्हते, पण गाळत होते. ‘घुसखोर’ गळले, ‘किडे’ गळले. ती रिकामी जागा मात्र गाळता येत नव्हती. तिथे हिरो हात वर करून थांबत आणि पक्षाचे लोक पहिल्या रांगेत कान टवकारून बसलेले असत.

मग आमच्याच गावची सभा लागली. शुक्रवारी, भर बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच मैदानात. मांडवापासून चाळीस पावलांवर चिंचेखाली निताई बसायचा.

निताई म्हणजे आमच्या कंपनीचा ऑर्गनवाला. कॅम्पात जन्मलेला, आमच्या शाळेत शिकलेला, माझ्यापेक्षा चांगली झाडीबोली बोलणारा. सीझनमध्ये ऑर्गन, एरवी मासळी. वीस वर्षे विंगेत एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला निताई. एक शब्द द्यायचा, एक सूर. सकाळी भाऊ त्याच्याकडे गेले. मी मागेच होतो.

“निताई, आज दुकान नोको लावू.”

“काऊन भाऊ? तुमचीच तं सभा आहे,” निताई रोहूवर पाणी मारत म्हणाला. “भाषन तुमचं, मंग मले भेव कायचं?”

भाऊंना कोणी असे कापलेले मी पाहिले नव्हते. ते वळले आणि येऊन कापडामागे पाटावर बसले.

मैदान भरले. बाजार करून लोक पिशव्यांसकट सभेला आले होते. हिरोंनी पाणी घेतले, रस्ता घेतला, धान घेतले. मग हात वर गेला. “बंधूंनो! या बाहेरून आलेल्या...” कापडामागून नाव येण्याआधीच लोकांनी ती जागा भरली. “बंगाली! बंगाली! हाकला!” मागच्या रांगा चिंचेकडे वळू लागल्या. सगळ्यात मोठ्याने ओरडत होता आमचा शाळेचा शिपाई. मूठ आवळलेली, आणि त्याच मुठीत पिशवी, आणि पिशवीतून निताईच्या रोहूची शेपटी बाहेर. चिंचेखाली निताई उभा राहिला होता. हातातली सुरी त्याने मुद्दाम खाली ठेवली, दोन्ही रिकामे हात लोकांना दिसतील असे धरले.

हिरो हात वर करून थांबलेले. मी सवयीने कापडाच्या फटीतून खाली पाहिले. भाऊंनी कागद मिटला होता. कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांच्या ओठांतून वैतागलेली कुजबुज निघाली.

आणि हिरो गर्जले, “अरे, पिशवीतली मासोळी तं आधी वापस करा रे!”

मैदान थबकले. लोकांनी आपापल्या पिशव्यांकडे पाहिले. शिपायाने शेपटी आत दाबली, ती पुन्हा बाहेर आली. हिरोंचा हात तसाच वर, पुढच्या वाक्याची वाट पाहत. आणि पुढचे वाक्य आले. वीस वर्षांत आले नव्हते असे, थांबत थांबत. हिरोंनी ते छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, शेवटच्या अंकात म्हणतात तसे म्हटले:

“हाकलाचंच असन तं मले हाकला! मले एक अक्षर पाठ नाई. कागदावर जे लिवून येते, ते मी बोलून राह्यलो. ज्यानं लिवलं त्यानं तुमचं गावबी पाह्यलं नाई. अन् तुम्ही त्याच्या भरवशावर निताईले माराले निघाले?”

पहिल्यांदा एक म्हातारी हसली. मग कोणीतरी शिट्टी मारली. मग, मायबाप हो, झाडीपट्टी ती झाडीपट्टी, मागून आवाज आला, “वन्स मोर!” चिंचेकडे वळलेली तोंडे पुन्हा मांडवाकडे आली. पक्षाचे लोक टेबलाच्या कापडाला झोंबायच्या आत मी ‘आभारप्रदर्शन’ असे ओरडून माईकचा ताबा घेतला. अठरा वर्षांच्या खलनायकीत मी केलेले ते एकमेव सत्कृत्य.

हिरो खाली उतरले आणि घाम पुसत विचारू लागले, “कसं झालं भाऊ? टाळ्या तं मस्त पडल्या.” ते काय बोलले हे त्यांना संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. मी भाऊंना विचारले, “तुमचा नियम कुठी गेला?” ते नजर चुकवून म्हणाले, “पान उलटताना दोन पानं एकदम उलटले.” कागद एकच होता.

सुधारणा वगैरे झाली असे समजू नका. भाऊंचे काम त्याच दिवशी सुटले. हिरोंच्या कानात यंत्र बसवले, आता शहरातूनच कोणीतरी पुरवतो. पुढच्या गावात ती जागा पुन्हा भरली गेली. आमचा शिपाई अजून निताईकडूनच मासळी घेतो आणि अजून विचारतो, “मंग, कवा जाऊन राह्यले तुम्ही?” निताई म्हणतो, “तुमची उधारी फिटली का दुसऱ्याच दिवशी.” पण त्या शुक्रवारी त्याची पाटी सरळ राहिली. एवढेच झाले, आणि तेवढ्यासाठी भाऊंनी जन्माचा नियम मोडला.

वैनगंगेच्या घाटावर त्यांना नेले तेव्हा निताई पुढच्या खांद्याला होता. मागून कोणीतरी पुटपुटलेच, “बंगाल्याले काऊन खांदा देल्ला?” सगळ्यांनी हिरोंकडे पाहिले. कानात यंत्र नव्हते. हिरो पुढे गेले, निताईच्या शेजारचा खांदा घेतला आणि घाटापर्यंत सोडला नाही. वाक्य सुचले नाही म्हणून पाय हलले असतील. मी तक्रार करणार नाही.

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे घाटावर शोकसभा झाली. हिरोंना बोलायला उभे केले. ते सरणापुढे उभे राहिले, सवयीने हात वर गेला, “बंधूंनो” म्हणाले आणि थांबले. हात वरच. निताई मान खाली घालून उभा. मग हिरोंनी हळूच सरणाकडे मान वळवली, आणि जो माणूस लोकांपुढे कधी स्वतःचे वाक्य बोलला नव्हता तो सगळ्या गावासमोर मोठ्याने बोलून गेला, “भाऊ, जोरानं सांगा ना, आयकू नाई येऊन राह्यलं!”