माझ्या मुलाचं दोन अक्षरी नाव

माझ्या मुलाचं नाव कोइमतूरच्या एका शिक्षिकाबाईंनी शोधून दिलं. आमच्या गलाईच्या दुकानाशेजारी त्या राहतात. मी आठवीत शाळा सोडलेली. सोनं गाळता येतं, मोबाइलवरची इंग्रजी यादी वाचता येत नाही. बाईंनी जगभरची छोटी नावं मोडक्या हिंदीत अर्थासकट सांगितली. ‘लिओ’ म्हणजे सिंह, हे मला लय आवडलं. आनंदाच्या भरात मी गावाकडं विट्याला थोरल्या भावाला फोनवर सांगून बसलो.

त्याच्या मुलाचं बारसं आमच्या आधी होतं. बहिणीनं पाळण्यापाशी कुर्र केलं ते ‘लिओ’ म्हणूनच. व्हिडिओ कॉलवर बघताना मी ओरडलो, “आवं दादा, ते नाव मी ठरवलं व्हतं!”

“सिंह थोरल्याच्याच दारात शोभतो, गड्या,” भाऊ हसला.

शिक्षण त्याला, नोकरी त्याला, आता नावही त्यालाच. भावकीत तेच नाव परत ठेवत नाहीत. माझ्या पोराचं बारसं दोन दिवसांवर होतं. बाईंनी न कुरकुरता पुन्हा यादी उघडली आणि ‘ओरी’ काढून दिलं. म्हणजे माझा उजेड.

नाव गोड आहे. तरी दादाच्या फोनवर मागून “लिओ” अशी हाक आली की अजून जळतो मी.

बाईंच्या सुनेला दिवस गेलेत. तिच्या बाळाच्या बारशाचा पाळणा मी विट्याहून स्वतः घेऊन येणार.