चंद्रोदयापर्यंत न जेवलेला आरोपी

तो म्हातारा आरोपी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हैदराबाद राज्य मोडलं होतं आणि आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी राजूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका संकष्टी चतुर्थीला, दिवस मावळल्यावर, एका शेतकऱ्याच्या डोक्यात कुणीतरी काठी घातली. तो जागीच गेला. शेजारच्या शेतवाल्यांशी त्याचा बांधावरून जुना वाद होता, पण गाव तोंड उघडेना. महिन्याभरानं एका मेंढपाळानं खबर दिली, की त्या संध्याकाळी शेजाऱ्याचा पुतण्या बांधावरून पळताना दिसला होता.

सकाळीच पुतण्याला आणायला गेलो, तर चुलता आडवा आला.

"त्याला काय इचारता सायब? म्या हाणलं."

पुतण्या मान खाली घालून उभा राहिला. चुलत्याला लॉकपमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढं कबुलीजबाब झाला, की म्हाताऱ्याची सुटका अवघड होती.

दुपारी जमादार भाकरी तशीच परत घेऊन आला.

"खून कबूल करून राह्यला, भाकर मात्र खाईना. आज चतुर्थी हाय म्हणं. चांद दिसल्याबिगर बिलकुल न्हाई."

मी गजापाशी गेलो. "बाबा, दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाता?"

"जातो की. कधी चुकली न्हाई. उपास तिथंच सोडतो."

"खून झाला ती मागची चतुर्थी. तेव्हा कुठं सोडला?"

खुनाचं खोटं बेधडक बोलला होता, देवाचं बोलवेना.

"राजूरलाच," तो शेवटी म्हणाला.

"मग हे अंगावर का घेता?"

"पोरका आल्ता सायब माझ्याकडं. रोज जेवताना त्याला एकच सांगितलं, बांध सोडायचा न्हाई. मंग म्या देवाचं करू लागलो, भांडण सोडलं. त्यानं न्हाई सोडलं. काठी त्याची, बोलणं माझं."

त्या दिवशी म्हातारा दुपारपासून चंद्रोदयापर्यंत देवळातच होता, असा राजूरच्या पुजाऱ्यानं दुजोरा दिला. पुतण्याला आणलं, तर त्यानं काहीच नाकारलं नाही. महिनाभर तो धड झोपला नव्हता, असं त्याची बायको म्हणाली. लॉकपमध्ये भिंतीला टेकला आणि झोपला. चुलत्यानं त्याला वाचवलं, असं मला वाटलं होतं. खरं तर कबूल करायची वाट अडवून त्याची कोंडी केली होती.

म्हातारा ठाण्याच्या पायरीवर बसून होता.

"अन् मला कोणतं कलम लावता?"

त्याच्यासाठी माझ्याकडं कलम नव्हतं. "घरी जा, बाबा," मी म्हणालो. पुढं नोकरीत अनेकांना जन्मठेप झालेली पाहिली, पण त्या दोन शब्दांएवढी जड शिक्षा माझ्या तोंडून पुन्हा कुणाला झाली नाही.