चार लेन्स आणि मावशींचा फोटो

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या चुका यादीप्रमाणे आणि वेळेवर झालेल्या आहेत.

मी भिवंडीतल्या एका गोदामात स्टोअर सांभाळते. माल आला की यादी, माल गेला की यादी, आणि (आमच्या ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे) शिंक आली तरी यादी. पंचेचाळिशीत मी फोटोग्राफीचा क्लास लावला, कॅमेरा घेतला, तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं, "आता आम्हालाही नंबर टाकणार का?"

सुरेखा माझी पहिलीपासूनची मैत्रीण. कामतघरच्या चाळीत आई आणि ती, दोघीच. चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिने आलेलं प्रत्येक स्थळ एकाच वाक्यात परत पाठवलं होतं: "आईला कोण बघणार?" शेवटी आईनेच (मी त्यांना मावशी म्हणते) तोड काढली. मावशींनी तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या, आणि त्या तीस वर्षांतला कापूस त्यांच्या फुप्फुसात जाऊन बसला होता. डॉक्टरांनी सुरेखाला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मावशींना आतच कळलं. त्यांनी वज्रेश्वरीला देवळाजवळ नारळ-हाराचं दुकान असलेला एक विधुर स्वतः शोधला, कॉटवर बसूनच पारखला आणि पसंत केला. सुरेखाला सांगितलं, "मी हाय तवर उरकून घे. मंग रडत बसशील आनि कुनी विचारनार न्हाय."

फोटोंचं काम माझ्याकडे आलं. लग्न वज्रेश्वरीला, तिथे मांडवात फोटोग्राफर होताच. पण मावशींना तिथवर नेणं शक्य नव्हतं. म्हणजे मावशींच्या वाट्याला लग्नातली फक्त तयारी येणार होती. त्यामुळे तयारीचे, म्हणजे मुख्यतः हळदीचे, फोटो माझे. मी वही उघडली. मावशींनी नाकातली ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाल्या, "मंगल बाय, तुझ्या यादीत माझा बी एक फोटू लिव्ह. भिंतीवरचा."

"मावशी, असं काय बोलता!"

"मंग काय आधारकार्डावरचा लावाल? त्यात मी चोरी करताना धरल्यासारखी दिसते. त्यो लावलात त भिंतीवरशी उतरून येन!"

गंमत अशी, की मावशी गावोगावच्या हळदीला आणि लग्नांना धवले म्हणायला जात. त्यांच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. त्यामुळे त्या शेकडो अल्बममध्ये आहेत, पण कुठे नुसतं कोपर, कुठे अर्धा अंबाडा. अख्ख्या मावशी कुठेच नाहीत.

"आनि ही नळी नको फोटूत," त्या म्हणाल्या. "पोरीला पैली हळद मी लावीन, तवाच काढ."

सुरेखा मला जिन्यापर्यंत सोडायला आली. "नळी काढून दोन मिनिटं चालतं गं. जास्त नाही. तेवढ्यात होईल ना?"

"दोन मिनिटं?" मी म्हणाले. "मला वीस सेकंद पुरतात." (हे वाक्य मला आजही आठवत नाही, असं मी स्वतःला सांगते.)

घरी येऊन मी तक्ता केला. कोणता प्रसंग, किती माणसं, किती अंतर, कोणती लेन्स. एकूण बावीस प्रसंग, चार लेन्स: दूरवरचं जवळ आणणारी लांबलचक, माणसाच्या चेहऱ्यासाठी पन्नासची, बांगड्या-मेंदी वगैरे बारीक गोष्टींसाठी मॅक्रो, आणि सगळं एका चौकटीत मावणारी वाइड. लेन्स भाड्याने देणारं दुकान ठाण्याला. दुकानदाराने तक्ता वाचला, मग मला वाचलं.

"खोली केवढी आहे, मॅडम?"

"दहा बाय बारा."

"आणि ही लांबची लेन्स कशाला? नवरी कल्याणला बसणार आहे का? एक वाइड न्या, लावा आणि विसरून जा."

'विसरून जा' हा सल्ला मला आयुष्यात कधी पटलेला नाही. मी चारही लेन्स घेतल्या.

हळदीच्या आदल्या दिवशी जागेची पाहणी केली. मावशींच्या खोलीची मागची भिंत म्हणजे लूमच्या कारखान्याची भिंत. यंत्रं सुरू असली की फडताळातल्या वाट्या आपोआप सरकतात. कॅमेरा हलणार! मी लगेच यादीत 'हादरे' लिहिलं आणि कारखान्यात रहमतभाईंना भेटले. ते तिथे वीस वर्षं लूम चालवतात आणि मावशींना अम्मा म्हणतात.

"अम्मा के घर की हल्दी है, दो घंटे बंद कर देंगे," ते म्हणाले. "लेकिन मैडम, आवाज बंद होगी, रुई बंद नहीं होगी. वो हवा में रहती है. कॅमेरा ज्यादा खोलना मत."

"हो, हो," मी म्हणाले आणि 'हादरे' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. रुई माझ्या यादीत नव्हती.

हळदीच्या दिवशी मी सकाळी साडेदहाला हजर. दारात उंबराची डहाळी, गॅलरीत बायका, मधोमध पाट. मावशी कॉटवर हिरव्या साडीत, नाकात नळी, शेजारी गुरगुरणारं मशीन. त्यांना हवा लागते म्हणून पंखा पाचवर. प्रत्येकीच्या हातातल्या चहाच्या कपावर उपडी बशी होती. या चाळीत चहा असाच देतात, घोट घ्यायचा आणि पुन्हा झाकायचं. ते मला फार सुंदर वाटलं! मी मॅक्रो लावून त्या झाकलेल्या कपांचे सहा फोटो काढले. ते कप का झाकलेत, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मग तक्त्याप्रमाणे लांबची लेन्स. ती लावल्यावर कॉटवरच्या मावशी मला फक्त नाकापुरत्या दिसायला लागल्या. मी मागे सरकले. भिंत. दारातून गॅलरीत गेले. तरी कानापुरत्याच. शेवटी मी समोरच्या बिऱ्हाडाच्या मोरीत, धुतलेल्या परकरांमध्ये उभी राहिले.

आतून मावशींचा आवाज आला. "सुरेखा, मंगल आत का येत न्हाय गो? काय बोललीस तिला?"

"मी कुठे काय बोलले!"

"मंग ती मोरीत का उभी हाय?"

बायका हसल्या. मी परकर बाजूला करून गंभीरपणे बटण दाबत राहिले.

रहमतभाईंनी यंत्रं बंद केली. एकदम शांतता झाली, आणि सुरेखा पाटावर बसली. मावशींना गॅलरीतल्या दोघींनी धरून तिच्यासमोर आणलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, नळी काढली आणि म्हणाल्या, "घे."

कॅमेऱ्यावर लांबची लेन्स होती. मी मात्र आता मोरीतून खोलीत आले होते.

"एक मिनिट मावशी!" मी लेन्स काढली, पन्नासची शोधली. ती पिशवीत तळाशी, कारण तक्त्यात ती प्रसंग क्रमांक चौदाला होती. लावली. मावशींचा चेहरा नेमका आला, पण सुरेखा चौकटीच्या बाहेर. हळद लावणारा हात आहे, जिला लावायची ती नाही! तोपर्यंत मावशींना धाप लागली. नळी परत नाकात. सुरेखा पाठीवर हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

पाच मिनिटांनी मावशी पुन्हा म्हणाल्या, "घे." नळी काढली. मी वाइड लावत होते. ती खाचेत बसेना. कपाळावरचा घाम डोळ्यांत. कॅमेऱ्याचं उघडं तोंड पंख्याखाली 'आ' करून छताकडे बघतंय. खटका लागला तेव्हा मावशींचे ओठ निळसर झाले होते आणि सुरेखाने स्वतःच नळी त्यांच्या नाकात घातली.

"राहू दे गं मंगल," ती अगदी हळू म्हणाली. "मोबाइलवर काढू एक."

"न्हाय," मावशी म्हणाल्या. त्यांना बोलायला वेळ लागला. "मोबाइलचा भिंतीवर न्हाय लावीत. मंगल काढील. तिची यादी हाय."

तिसऱ्यांदा नळी निघाली. क्लासमध्ये शिकवलं होतं, लेन्सचं छिद्र बारीक ठेवलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. मी छिद्र बारीक केलं, फ्लॅश लावला. मावशींनी सुरेखाच्या गालाला हळद लावली आणि धवल्याची ओळ धरली. अर्धी ओळ झाली, पुढे श्वास पुरला नाही. बाकीची ओळ गॅलरीतल्या बायकांनी पूर्ण केली. मी त्या अर्ध्या ओळीत चार फोटो काढले. मग नळी, मशीन, आणि भिंतीपलीकडे लूम पुन्हा सुरू.

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. वही उघडली. यादीवर खूण न करताच मिटली.

सुरेखाचं लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी मी घरी कंप्युटरवर फोटो उघडले. मागे ह्यांनी उभं राहून पाहिलं, शर्टाच्या बाहीने पडदा पुसला, पुन्हा पाहिलं.

"केस चिकटलाय का गं?"

"कुठे?"

"मावशींच्या कपाळावर."

मी पदराने पुसलं. मग ओल्या फडक्याने. मग पुढचा फोटो उघडला. त्यातही तोच. वळलेला, काळपट, एक इंचभर धागा. तिसऱ्यात, चौथ्यात, त्याच जागी! लेन्स बदलताना लूमची रुई कॅमेऱ्याच्या आत शिरून, चित्र उमटतं त्या सेन्सरवर जाऊन बसली होती. आणि छिद्र बारीक असल्यामुळे पुढचं, मागचं आणि आतलं सगळं स्पष्ट आलं होतं. क्लासमध्ये शिकवलेलं खोटं नव्हतं.

एका बाईचे तीन वेळा श्वास खर्ची घालून मी कापसाचा फोटो काढला होता.

स्टुडिओवाला म्हणाला, "काढून टाकतो ना, पाच मिनिटांचं काम." पण आधी कबुली द्यायला हवी होती. मी मोठा प्रिंट घेऊन कामतघरला गेले. सुरेखा आणि तिचा नवरा आता तिथेच राहत होते (दुकान त्यांनी भावावर सोपवलं होतं, मावशींनी त्याबद्दल दोघांनाही शिव्या घातल्या होत्या). मावशी आता बसू शकत नव्हत्या. मी प्रिंट त्यांच्यासमोर धरला आणि भडाभडा सगळं सांगितलं. लेन्स, पंखा, रहमतभाई, झाकलेले कप. माफी मागितली.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. सुरेखाचा पिवळा गाल. स्वतःचं उघडं तोंड, अर्ध्या ओळीतलं. मग त्या धाग्यावर बोट ठेवलं.

"यो आपला कापूस हाय काय?"

"हो मावशी. काढता येतो. उद्या काढून आणते."

"कशाला?" त्या म्हणाल्या. हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो. "तीस वरसा डाक्टरला न्हाय निघला. तू कुठं काढतेस? राहू दे. नळी न्हाय ना त्यात? मंग झाला."

दीड महिन्याने मावशी गेल्या.

तोच फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला, धाग्यासकट. सुरेखाने स्टुडिओवाल्याला हात लावू दिला नाही. दिवसकार्याला जो आला त्याने आधी नमस्कार केला आणि मग पुढे होऊन काच पुसली. कोणी पदराने, कोणी टोपीने. रहमतभाईंनी रुमालाने पुसली, निरखून पाहिलं, माझ्याकडे वळले आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता दर महिन्याला मी सुरेखाकडे जाते. जायच्या आधी वहीत लिहिते: एक, केळी. दोन, सुरेखाचं खोकल्याचं औषध. तीन, फोटोची काच पुसू नये, डाग आतून आहे. यादी नेहमीप्रमाणे चोख असते.

गेल्या रविवारी मी काच दोनदा पुसली. दुसऱ्यांदा, तोंडाची वाफ देऊन.