एक वीत वहिवाट

माझ्या साडूंइतका निर्भय आणि तितकाच घातक सज्जन सबंध मानोरा तालुक्यात दुसरा नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा इसम बेजबाबदारपणे स्वल्पविरामसुद्धा देत नाही. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु माझा मसुदा वाचून नायब तहसीलदारांनी चष्मा पुसल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

साडू गावाबाहेरच्या मळ्यात मेथी-वांगी पिकवतात आणि हाती लागेल ते यंत्र उघडतात. मागे मला ताप आला, तेव्हा ते समाचाराला म्हणून आले आणि माझ्या उशाशी बसून माझाच टेबलपंखा खोलू लागले. मी ग्लानीत विचारले, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "काही नाही साडभाऊ, आत काय हाये ते पाहून राह्यलो. तुमी झोपा." ताप उतरला, पंखा जोडला गेला, चार स्क्रू उरले, आणि तेव्हापासून तो पंखा तोंड वळवतो तो भिंतीकडेच. लग्नात बँडवाल्यांचा भोंगा, देवळात घंटेची मोटार, कुठे म्हणून या गृहस्थांनी हात आवरला नाही. यांना विजेचे भय असे नाहीच.

भय आहे ते त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या मेहुणीला. चार वर्षांपूर्वी मळ्यातल्या मोटारीच्या ओल्या पेटीला हात लागून ती फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे आखडली ती आखडलीच. त्या दिवसापासून तिने घरातले एकही बटन दाबले नाही. साडूंना बाजारातून यायला उशीर झाला, तर ती दिवेलागणीला अंधारातच मेथीच्या जुड्या बांधत बसे. विचारले तर म्हणे, "भाऊजी, भिंतीतून तार गेली की मले ती दिसते. पलस्तराच्या आतून दिसते." साडूंनी हे एकदा ऐकले आणि त्यांचे हसणे महिनाभर थांबले.

नंतर कोणीतरी त्यांना दाखवले की, नुसत्या तबकडीवर ठेवलेला फोन तारेविना चार्ज होतो. साडू सायकल टाकून धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. "फोनले हवेतून येते, मंग पंख्याले काहून येनार नाही? मिक्सरले काहून नाही? साडभाऊ, घरात तारच ठेवत नाही मी आता!" मी ते नुसते बोलणे समजलो. परंतु दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीतल्या सगळ्या तारा उपटून अंगणात त्यांचा ढीग घातलेला होता. हवेतली वीज अद्याप जन्माला यायची होती! मी ओरडलो, "अहो, आधी नवी व्यवस्था, मग जुनी मोडायची!" ते शांतपणे म्हणाले, "तारा असल्या तं माह्या डोक्याले घाई होत नाही."

घरात कंदील आला. साडूंनी जळक्या मोटारीची तांब्याची तार सोडवली, ओसरीवर मीटरखाली पाट मांडून त्यावर तिचे वेटोळे बसवून ते मीटरला जोडले, आणि मला म्हणाले, "परवानगीचा अर्ज लिवा. कायद्यानं होऊ द्या." मी तो वीज कंपनीच्या नावाने लिहिला. 'विषय : घरगुती उपकरणांस तारेविना वीज नेण्यास परवानगी मिळणेबाबत.' आणि येथे माझ्या अनुभवाने माझा घात केला. शेतरस्त्याच्या अर्जात आम्ही नेहमी जुनी वहिवाट दाखवतो; म्हणजे अर्जदार या वाटेने आधीपासून जात-येत आहे, असे लिहितो. त्याने हक्क बळकट होतो. त्याच सवयीने मी लिहून टाकले, 'सदर अर्जदार गेल्या अनेक महिन्यांपासून तारेविना विजेचा निर्वेध उपभोग घेत आहे.'

आठव्या दिवशी वीजचोरी पकडणारे पथक साडूंच्या दारात उभे राहिले. अर्ज लिहिणारा म्हणून मलाही बोलावले गेले. पथकाच्या साहेबांनी माझाच अर्ज माझ्यासमोर नाचवला. "कबुलीजबाब इतक्या वळणदार अक्षरात पहिल्यांदाच पाहिला मी. कुठून वापरता वीज? मीटर कापू का आत्ता?" मीटर कापणे म्हणजे ओसरीवरचा पाटही कायमचा थंड होणे. मेहुणी चौकटीला धरून उभी होती.

साडूंना मात्र पाहुणे आल्याचा आनंद. "या साहेब, दाखवतो. बसा." त्यांनी पाटावरचे वेटोळे सुरू केले. मग खिशातून पत्नीची एक जुनी बांगडी काढली. तिच्यावर बारीक तार गुंडाळून चिमुकला दिवा जोडलेला होता. ती त्यांनी स्वतः धरली नाही. पत्नीपुढे केली.

"घे."

"मी नाही, बाप्पा."

"याले कुठं तार हाये का? पाह्य, चारी बाजूनं पाह्य."

तिने खरोखरच चारी बाजूंनी पाहिले. मग आखडल्या बोटांनी बांगडी धरून हात पाटावर नेला. पाटापासून वीतभर अंतरावर दिवा लागला. ती दचकली, पण हात मागे घेतला नाही. उचलला की विझे, खाली आणला की लागे, असे तिने पाच-सहा वेळा केले आणि म्हणाली, "अवं माय, हे तं माह्यं ऐकून राह्यलं!" साहेबांनी माझ्या अर्जाची घडी घातली. शेवटी एवढेच म्हणाले, "घरात नीट तारा घाला, नळीतून. आणि अर्ज दुरुस्त करून द्या."

तारा पुन्हा आल्या. पंखा, मिक्सर, सगळे भिंतीलाच जोडले गेले, आणि साडूंचा चेहरा काही दिवस उतरलेला राहिला. वेटोळे ते अजून गुंडाळतात. पण वीज काही वीत ओलांडत नाही. मेहुणी अजूनही बटन दाबत नाही. परंतु ओसरीवरचे वेटोळे साडू बाजाराला निघण्यापूर्वी सुरू करून जातात, आणि दिवेलागणीला ती पाटावर बांगडी मांडून तिच्या उजेडात जुड्या बांधत बसते.

दुरुस्तीचा अर्ज मीच लिहिला. एवढा छोटा अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नाही. 'सदर वहिवाट एक वीत अंतरापुरतीच असून, तेवढी अर्जदाराच्या पत्नीस पुरेशी आहे.'