खोक्यावरचा बाराचा आकडा

माझ्या एका पत्रामुळे एका बाईची नोकरी गेली. पत्र मुद्देसूद होते, भाषा निर्दोष होती, तीन ठिकाणी त्याच्या प्रती रवाना झाल्या होत्या, आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत खोटे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लिहिताना स्वतःची बाजू मांडण्याचा मोह मला होणार आहे. वाचणाऱ्याने तो ओळखावा.

रायपूर राजधानी झाले त्यानंतर थोड्याच काळाने मी सरकारी कचेरीच्या विधी शाखेतून निवृत्त झालो. शहरात जिकडेतिकडे पाडापाडी आणि बांधकाम चालले होते. समता कॉलनीतल्या आमच्या घरामागून एक नाला जात असे, आणि पाडलेल्या घरांचा मलबा भरून येणारे ट्रक तो सरळ त्या नाल्यात ओतून जात. पावसाळ्यात नाल्याचे पाणी उलटे फिरून आमच्या न्हाणीघरात येई. मी संबंधित कार्यालयाला पत्रे लिहिली. एकामागून एक, पोचपावतीसह, नियमांचे कलमवार हवाले देऊन. बऱ्याच महिन्यांनी दोन ओळींचे हिंदी उत्तर आले: वाहन क्रमांक के स्पष्ट प्रमाण सहित पुनः आवेदन करें.

मी वही घेऊन नाल्याकाठी गेलो. ट्रकवाल्याने मला पाहिले आणि हसून म्हणाला, "फोटो है क्या बाबूजी? नहीं है ना? तो जाइए, चाय पीजिए."

त्या दिवशी मी कॅमेरा घ्यायचे ठरवले.

"नातवाचा एक फोटो काढा म्हटलं तर कॅमेरा तुम्हाला खर्चिक वाटला," बायको म्हणाली, "आणि आता मलब्याचे फोटो काढायला घेऊन राहिले!"

"हा फोटो नाही, पुरावा आहे," मी म्हणालो.

मी आयुष्यात कॅमेरा हाती धरलेला नव्हता. रीळ कसे भरतात हेही ठाऊक नव्हते, आणि आता तर रीळच नसलेले कॅमेरे आले होते. मला जी एकच पद्धत येत होती ती मी वापरली. निरनिराळ्या दुकानांतून माहितीपत्रके गोळा केली, फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या आणि तौलनिक तक्ता तयार केला. दहा हजारांच्या आतले सात कॅमेरे डावीकडे खाली-खाली, आणि वर रकाने: मेगापिक्सेल, झूम, किंमत, हमी. झूमला मी एकच रकाना ठेवला होता. झूम दोन प्रकारचा असतो हे मला माहीत नव्हते. आणि जे मला माहीत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी माझी त्या काळी समजूत होती.

तक्ता घेऊन मी शेवटी ज्या दुकानात गेलो तिथे काउंटरवर चाळिशीची एक बाई होती. सोबत आलेल्या बायकोशी मी मराठीत काही पुटपुटलो ते तिने ऐकले.

"काकाजी, मराठी का तुम्ही?"

तिचे माहेर भंडाऱ्याकडचे होते. नवरा कारखान्यात, बिऱ्हाड बीरगांवला, आणि तिथून दोन टेम्पो बदलून ती रोज दुकानात येई, हे बायकोने पाच मिनिटांत काढून घेतले. मला क्षणभर बरे वाटले आणि लगेच संशय आला, की आता ही भाषेच्या आपलेपणावर काहीतरी माझ्या गळ्यात मारणार.

"काय काढायचं आहे जी तुम्हाले? घरचे, लग्नाचे?"

"ट्रकच्या नंबरप्लेटा."

ती हसली नाही. "किती दुरून?"

"गच्चीवरून. साठ-सत्तर पावलं असतील."

हा प्रश्न मला इतर कुठल्याही दुकानात कोणी विचारला नव्हता. त्याची किंमत मला तेव्हाच कळायला हवी होती. तिने मागच्या फळीवरून एक जाडजूड काळा कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला. तीन मेगापिक्सेलचा, सहापट झूमचा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, हातात ठोकळा धरल्यासारखा.

"हा न्या. दिसाले असा आहे, पण तुमच्या कामाचा हाच आहे."

"मॉडेल कधीचं?"

"मागल्या सालचं आहे जी. खोटं काहून सांगू?"

मागल्या सालचे! पडून राहिलेला माल निवृत्त म्हाताऱ्याला खपवणे म्हणजे काय, हे मला चांगले समजत होते. मी तिच्यासमोर तक्ता उघडला आणि माझ्या मनात भरलेल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवले. चंदेरी, सडपातळ, पाच मेगापिक्सेल. त्याचे खोके काचेच्या कपाटात दिसत होते आणि खोक्यावर झूमचा ठळक आकडा होता, बारा.

"ह्याच्यावर बारा लिहिलं आहे, तुमच्यावाल्यावर सहा," मी आवाज चढवून म्हणालो. "बारा मोठे की सहा मोठे?"

दोन गिऱ्हाइके हसली. मला ते आवडले.

"बारा लिहिलं तं आहे, पण त्यातले काचेचे तीनच," ती शांतपणे म्हणाली. "बाकीचं कॅमेरा फोटोले रबरासारखं ताणते. गाडी मोठी दिसते, पण नंबर नाही वाचता येत, काकाजी."

"हे तुम्ही लेखी देऊ शकाल?"

नोकरीतल्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी वाद मिटवायला वापरले. समोरचा माणूस त्यावर गप्प होतो. लेखी कोणीच देत नाही. ती मात्र म्हणाली, "द्या तुमचा कागद." मी तक्ता तिच्याकडे सरकवला आणि चंदेरी कॅमेऱ्यातून दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे जवळ आणून पाहण्यात गुंगलो. तिने तक्ता चौघडी करून परत दिला तेव्हा तिने माघार घेतली असे मी गृहीत धरले. घडी न उघडता बिलासोबत पिशवीत टाकली आणि चंदेरी कॅमेरा घेऊन विजयाने घरी आलो.

आठ दिवस मी गच्चीवर दबा धरून ट्रकचे फोटो घेतले. स्टुडिओत छापून आणले. प्रत्येक फोटोत ट्रक होता, मलबा होता, आणि नंबरप्लेटच्या जागी पिवळ्या-काळ्या चौकटींचा लगदा होता.

मला जो संताप आला तो खरा होता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. त्याच दुपारी मी दुकानमालकाला हिंदीत चार पानांचे पत्र लिहिले, आणि प्रती कंपनीच्या कार्यालयाला, ग्राहक मंचाला व एका वर्तमानपत्राच्या संपादकांना. त्यात एक वाक्य असे होते की आपल्या काउंटरवरील महिला कर्मचाऱ्याने झूमच्या मर्यादेची माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवली. 'हेतुपुरस्सर' हा शब्द मी विचार करून घातला होता. त्याने प्रकरणाला वजन येते.

टपालावर विसंबून न राहता मूळ पत्र मी स्वतः दुकानात नेले, आणि नुसते दिले नाही, गिऱ्हाइकांसमोर उभा राहून मोठ्याने वाचले. दडवल्याच्या वाक्यापाशी आलो तेव्हा ती काउंटरच्या मागून म्हणाली, "काकाजी, मी तुम्हाले लिहून देल्लं होतं."

"दाखवा."

"तुमच्याजवळच आहे जी तो कागद."

"माझ्याजवळ असता तर मला माहीत असतं. माझ्याकडचा एकही कागद माझ्या नजरेतून सुटत नाही, बाई."

मग तिने मालकाकडे पाहिले. मालक पत्राच्या शेवटी प्रतींची यादी वाचत होता. त्याने पुढचे काही ऐकले नाही. हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आप बदल लीजिए, जो चाहिए ले लीजिए," आणि शिल्लक होते त्यातून मी निवडला तो तोच काळा ठोकळा. लांबचा नंबर टिपेल असा दुसरा पर्यायच नव्हता. मी तो अशा थाटात उचलला, जणू काही माझ्याच अभ्यासातून तो निघाला होता.

त्या कॅमेऱ्याने पहिल्याच दिवशी ट्रकचा क्रमांक अक्षर न् अक्षर टिपला. मी अर्ज केला, फोटो जोडले, आणि महिन्याभरात ट्रक यायचे थांबले. कॉलनीतल्या लोकांनी मला चहाला बोलावले. कोणता कॅमेरा घ्यावा हे माझ्याकडून समजून घ्यायला माणसे येऊ लागली. मी त्यांना सांगे, "खोक्यावरचा आकडा पाहू नका, काच पाहा." असे मी खरोखर सांगत होतो.

ग्राहक मंचाकडून पत्र आले की मूळ कागदपत्रे क्रमांक घालून सादर करावीत. एका सकाळी मी जेवणाच्या टेबलावर फाइल उलगडली. आमच्या शाखेत नवीन माणूस आला की मी त्याला पहिला नियम शिकवत असे: पान पाठपोट तपासायचे, मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल तर तिलाही स्वतंत्र क्रमांक द्यायचा. त्यात चूक करणाऱ्याला मी सगळ्यांसमोर बोललो आहे. तक्त्याला क्रमांक घातला आणि सवयीने कागद पालटला.

मागे निळ्या शाईत, गोल, शाळकरी वळणाच्या अक्षरांत लिहिले होते: 'लांबचा नंबर वाचायचा असेल तर बारावाला घेऊ नये. त्यात तीनच खरे आहेत. काळा सहावाला घ्यावा असे गिऱ्हाइकाला सांगितले.' खाली सही आणि तारीख.

मला वाटते पहिली भावना लाजेची नव्हती. पहिल्यांदा मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. शाई नंतरची असेल का, सही पुरेशी स्पष्ट आहे का, 'सांगितले' म्हणजे नक्की कोणाला. पेन्सिलने लिहिले असते तर मी तेवढ्यावरच लटकलो असतो. पण कागद पहिल्यापासून माझ्याच ताब्यात होता. तिच्या विरुद्धच्या खटल्यातला एकमेव साक्षीदार माझ्याच फाइलमध्ये, मीच बांधलेल्या फितीखाली बसला होता.

बायकोने माझ्या हातून कागद घेऊन वाचला. मग चष्मा काढून म्हणाली, "आता ह्याच्यावर कोणाला पत्र लिहाल?"

मी दुकानात जायला चार दिवस घेतले. काउंटरवर एक नवी मुलगी होती. मालकाने मला ओळखले आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. तीही मला पाहवली नाही.

"उनको तो उसी हफ्ते काम पर आने से मना कर दिया," तो म्हणाला. "आपने तीन जगह कॉपी भेज दी थी बाबूजी, हम क्या करते? पंडरी में किसी कपड़ेवाले के यहाँ लगी हैं, सुना है."

पंडरीच्या कापडबाजारात तिला शोधायला दोन दुपारी लागल्या. एका ठोक दुकानाच्या माडीवर ती जमिनीवर बसून ताग्यांना चिठ्ठ्या लावत होती. मला पाहून उठली नाही. मी वाकून माझे माफीपत्र पुढे केले. तीन पाने, मराठीत, सगळ्या ठिकाणी प्रती पाठवल्याच्या उल्लेखासह. ते मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिले होते.

तिने ते घेतले नाही. "सापडला का कागद?"

"सापडला."

"कुठं होता?"

"माझ्याकडेच."

"मंग?" ताग्यावर चिठ्ठी दाबत ती म्हणाली. "आता हा कागद काहून आणला? तुम्ही तिथं तोंडानं बोलले होते काकाजी, सगळ्यांसमोर. मले कागद नको. तिथंच तोंडानं बोला."

"बोलतो," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तेव्हा."

तिने तिच्या जेवणाच्या सुटीची वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी रिक्षाने आम्ही गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइके होती. खिशात माझे टिपण होते. ते काढायला हात गेला, तेव्हा तिची नजर माझ्या हातावर होती. मी हात बाहेर काढला.

लिहिलेले नसेल तर मला बोलता येत नाही, हे त्या दिवशी कळले. मी म्हणालो, "इस बहनजी ने मुझे सही बताया था. लिखकर दिया था." मग थांबलो. मग म्हणालो, "मैंने पढ़ा नहीं." आणखी काही म्हणायचे होते, ते आले नाही. मी काउंटरला धरले. एक गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे पाहू लागले.

मालक गोंधळून हसला. "ठीक है बाबूजी, हो जाता है. पर अब तो जगह भर गई है, दीदी."

"मी काम मागाले नाही आली," ती मराठीतच म्हणाली. त्याला कळले की नाही कोण जाणे.

ती वळली तेव्हा काउंटरपाशी उभ्या एका माणसाच्या हातात चंदेरी कॅमेऱ्याचे खोके होते आणि नवी मुलगी त्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवत होती. जाता जाता बाई त्या माणसापाशी थांबली.

"भैया, दूर का काम है?"

"गाँव में खेत का फोटो लेना है, छत से."

"तो डब्बे का बारह मत देखो. तीन ही है."

माणसाने खोके खाली ठेवले. मालकाने मान खाली घालून बिलबुक चाळायला सुरुवात केली. ती पायऱ्या उतरून पंडरीच्या टेम्पोत बसली. मी रिक्षा थांबवली होती, तिच्याकडे तिने पाहिले नाही. तिची सुटी संपत आली होती.