उठून उभी राहिले तेव्हा

सगळ्या हसत होत्या. मोबाईलच्या पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येकीत एक बाई तोंडाला पदर लावून. माझ्या चौकटीत तोंडच नव्हतं. कंबर होती, आणि लुगड्याचं ठिगळ.

"अहो आजी, उत्तर द्या म्हटलं, साडी दाखवा नाही म्हटलं," शिकवणारे साहेब म्हणाले.

मी उठून उभी राहिले होते. गुरुजींनी नाव घेतलं की उठायचं, एवढं शाळेत शिकले होते. चौथीपर्यंत दाराशी बसले. दाराशी बसणाऱ्या पोरींचं नाव गुरुजी घेत नसत. आता म्हातारपणी कुणीतरी घेतलं, तर उठले. डब्याला टेकवलेला मोबाईल खालीच राहिला.

स्वयंपाकाआधी काय काय करता, असं विचारलं होतं. मी सांगायला लागले. आवाज जाईना. साहेबांनी तिकडून बंद केला होता.

"पुढच्या ताई."

"आत्या, बसा खाली," सून म्हणाली. "लोक हसून राहिले."

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्यासाठी हा मोबाईलवरचा वर्ग करावाच लागतो. वर्गात बोलली नाही तिला प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर काम नाही. सोयाबीन कापायला आता कंबर वाकत नाही. मग करू काय?

पुढच्या वर्गात साहेब विनवत होते, "बोला ना ताई, काहीतरी विचारा. तुम्ही गप्प बसलात तर वर्ग कसा चालेल?"

कुणी बोलेना. मागच्या वेळी हसलेल्याही गप्प. आज आपली पाळी येईल, ही प्रत्येकीला धास्ती. तेव्हा कळलं, साहेबांनी माझा एकटीचा आवाज बंद केला नव्हता.

मी आवाजाचं बटण दाबलं. उठले नाही.

"साहेब, बोला म्हनता, आन बोललं की हसता. मंग कोन बोलन? माझं त्या दिवसाचं उत्तर राहिलंय. आधी ते ऐका."

"आजी, वाद घालायला वेळ नाही."

आवाज बंद. मी पुन्हा दाबलं. पुन्हा बंद.

सुनेनं हात धरला. "काहून नादी लागता, आत्या? काम जाईल."

मी पुन्हा दाबलं.

प्रमाणपत्र आलं नाही. शाळेतली चूल आता दुसरी बाई पेटवते. पुढचा वर्ग लागला की मी परत बसणार. नाव घेतलं तरी उठणार नाही. बसून बोलणार, आणि बंद केलं की पुन्हा बटण दाबणार.

हे माझ्यासोबत झालं. मी डोंगरकड्याकडची, चौथी शिकलेली, शाळेत खिचडी करणारी बाई.