सावत्र आई नावाचं फूल

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं तो जर्मनीत नोकरीला. म्हणून मी अमरावतीत जर्मन शिकायला लागले. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर पॅन्सीची कुंडी ठेवली. जर्मनीत या फुलाला ‘श्टीफम्यूटरशेन’ म्हणतात, म्हणजे छोटीशी सावत्र आई. त्यांनी फूल उलटं केलं. मागे पाच हिरवी पानं असतात, त्या खुर्च्या. खालची थोराड पाकळी म्हणजे सावत्र आई. ती दोन खुर्च्या अडवून ऐसपैस बसते. बाजूच्या दोघी तिच्या पोटच्या मुली, त्यांना एकेक. वरच्या दोघी सावत्र मुली, त्यांना मिळून एकच.

वर्ग हसला. मला राग आला. आई गेल्यावर ताईला आणि मला जिनं वाढवलं, ती सावत्रच. आम्ही तिला मावशी म्हणतो. ताईच्या लग्नात आत्यानं फर्मान काढलं होतं की सख्खी आई नाही, तेव्हा कन्यादानाला काका-काकू बसतील. बाबांनी ते मान्य केलं. मावशी मांडवात अक्षता वाटत फिरली. आता माझ्या लग्नातही आत्याचं तेच टुमणं सुरू होतं.

शनिवारी अकोल्याला घरी जाताना मी तसलीच कुंडी नेली, कारण मावशीला फुलांचं भारी वेड. तिनं लगेच विचारलं, “याले तिकडं काय म्हन्तेत वं?”

“पॅन्सी.”

“ते तं नर्सरीवालाबी सांगते. तू जर्मन शिकून राहिली ना?”

तिला लागेल म्हणून जीव खालीवर होत होता, पण तिच्यापुढे थाप मारणं मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगून टाकलं. तिनं चष्मा लावला, फूल उलटं केलं, नीट पाहिलं.

“हो वं, दोन खुर्च्या हायेत खऱ्या,” ती हसली. मग तांब्यानं कुंडीत पाणी घालत म्हणाली, “मले तं तुया ताईच्या लग्नात एक पाटबी नाई भेटला.”

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली. मी तिथूनच आत्याला फोन लावला आणि सांगितलं, माझ्या कन्यादानाला बाबांजवळ आई बसेल.

“कोनती आई?” आत्या म्हणाली.

“घरात हाय ते.”

मावशी हातात तांब्या तसाच धरून मटकन खुर्चीवर बसली.